शून्य पूर्णांक दहा

भाच्याचा फोन आला तेव्हा मी पोह्यांवर लिंबू पिळत होतो.

"मामा, ०.९ नंतर काय येतं?"

"१.०," मी म्हणालो. चौथीत बाईंनी हातावर पट्टी मारून शिकवलेलं आहे, मरेपर्यंत विसरणार नाही.

"किंवा ०.१०."

"अरे, ०.१० म्हणजे ०.१. शेवटच्या शून्याला किंमत नसते. तू मागे गेलास."

"आमच्यात ०.१० हे ०.९ पेक्षा मोठं असतं."

'आमच्यात' हा शब्द मी आजवर फक्त लग्नाच्या बैठकीत ऐकला होता. आमच्यात विहिणीची पंगत वेगळी असते, आमच्यात सीमांतपूजन लागतंच, आमच्यात ०.१० मोठं असतं. अशा वेळी वाद घालायचा नसतो. मान डोलवायची आणि पोहे खायचे.

भाचा दिवसा हिंजवडीत चाकरी करतो आणि रात्री धर्मादाय. धर्मादाय म्हणजे ओपन सोर्स. त्याने एक छोटीशी लायब्ररी लिहिली आहे. आकडा द्या, ती मराठीत अक्षरी रक्कम काढून देते. ५९ दिले की 'एकोणसाठ', ७९ दिले की 'एकोणऐंशी'. चेक लिहिताना भल्याभल्यांचं पेन जिथे हवेत थांबतं, ते काम. गेली तीन वर्षं ती ०.१ पासून ०.९ पर्यंत रांगत आली. आता पुढचा आकडा कोणता, यावर घरात खल चाललाय. पोराच्या बारशालाही एवढा झाला नव्हता.

प्रश्न एवढासा. पण मी आठवडाभर उकरत बसलो आणि माझी खात्री झाली: अख्ख्या सॉफ्टवेअरमध्ये सगळ्यात कमी गणित कुठे असेल, तर ते व्हर्जनच्या आकड्यात. तिथे आहे मानपान, भीती, हौस आणि क्वचित कधी दिलेला शब्द.

०

आधी त्या टिंबाचं बघू. ते दशांशचिन्ह नव्हे. ते सात-बारावरच्या गट नंबरातल्या तिरक्या रेघेचं भावंड. ४२/९ नंतर ४२/१० येतो. दहावा हिस्सा नवव्याहून लहान आहे असं गावात कोणी म्हणत नाही. म्हणालाच तर भावकी बघून घेते.

माणसाला हे कळतं, यंत्राला कळेलच असं नाही. २०२१ च्या ऑक्टोबरात पायथन भाषेची ३.९ नंतरची आवृत्ती आली, ती ३.१०. जगभरच्या प्रोग्रामरांनी आपापल्या सेटिंगच्या फायलींत सरळ ३.१० लिहिलं. फाइल वाचणारा प्रोग्राम बहुतेक आमच्याच बाईंच्या वर्गातला होता. त्याने शेवटचं शून्य पुसलं आणि ३.१ शोधायला निघाला. ती आवृत्ती २००९ सालची. उपाय काय निघाला? आकडा अवतरणचिन्हांत घाला. म्हणजे हा आकडा नसून आकड्यासारखं काहीतरी आहे, हे यंत्राला कळतं.

पुण्यात एखाद्याला 'विद्वान' म्हणताना आपण बोटांनी हवेत जी चिन्हं काढतो, तीच ती.

०

आता शब्दाची गोष्ट. गिटहबच्या संस्थापकांपैकी एक, टॉम प्रेस्टन-वर्नर, याने या गोंधळाला घटना लिहून दिली. तिचं नाव सिमॅन्टिक व्हर्जनिंग. तीन आकडे, मध्ये टिंबं. शेवटचा वाढला तर: चूक दुरुस्त केली, तुम्ही निवांत झोपा. मधला वाढला तर: नवीन काही दिलंय, जुनं जागच्या जागी आहे. पहिला वाढला तर: भिंती पाडतोय, सामान आवरा.

सुरेख. फक्त या नियमावलीची स्वतःची आवृत्ती २.०.० आहे, २०१३ सालची. तिच्याच नियमाने वाचायचं तर, शब्द पाळायला शिकवणाऱ्या पोथीनेही एकदा आपला शब्द मोडला. पण आकडा वाढवून मोडला, हे मानलं पाहिजे. आपल्याकडे पक्ष मोडतात, युत्या मोडतात, जाहीरनामे तर छापून वाळायच्या आत मोडतात. आवृत्ती मात्र कायम पहिलीच.

खरी मेख पुढे आहे. काहीतरी मोडलं की नाही, हे ठरवायचं कोणी? लिहिणाऱ्याला वाटतं, आपण. गूगलमध्ये काम केलेल्या हायरम राइट याच्या नावाने याचा एक नियमच आहे. वापरणारे पुरेसे झाले की तुम्ही काय कबूल केलं होतं याला अर्थ उरत नाही. तुमच्या कोडच्या दिसेल त्या खोडीवर कोणीतरी संसार मांडलेला असतो. भाच्याने ०.७ मध्ये 'रुपये' या शब्दामागची एक फालतू मोकळी जागा काढून टाकली. दुसऱ्या दिवशी तक्रार आली: आमच्या पावतीचा रकाना त्या जागेवरच तोललेला होता, परत द्या.

हे समजायला सॉफ्टवेअरही लागत नाही. बालभारतीने २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात संख्या वाचायची आणखी एक रीत दिली. 'एकवीस, बावीस' सोबत 'वीस एक, वीस दोन'. मुद्दा साधा होता. तेवीस म्हणताना तीन आधी येतो आणि लिहिताना दोन आधी येतो, त्यात पोरं गडबडतात. जोडाक्षरं वर. जुनी रीत काढलेली नव्हती. घटनेप्रमाणे ही मधल्या आकड्याची वाढ: नवं दिलं, जुनं जागेवर. पण महाराष्ट्राने ती पहिल्या आकड्याची वाढ समजून डोक्यावर घेतली. प्रकरण विधानसभेपर्यंत गेलं, आडनावांची फोड करून विनोद झाले. समितीच्या प्रमुख, गणितज्ञ मंगला नारळीकर, जुनी रीतही आहेच हे शांतपणे सांगत राहिल्या. ऐकायला कोणाला वेळ होता? आपलं मोडलं असं ज्याला वाटतं, त्याच्यासाठी ते मोडलंच.

भाच्याकडे अजून मागणी येते, 'वीस एक' पद्धतही टाका. तो म्हणतो, टाकीन. पण त्या आवृत्तीचा आकडा ठरवायच्या आधी आजोळी येऊन राहीन, पत्ता कोणाला देऊ नका.

०

जिथे शब्द असतो तिथे शब्दावर विसंबणारेही असतात. जावास्क्रिप्टवाल्यांचं एनपीएम नावाचं गोदाम आहे. तिथून माल मागवताना आकड्याच्या आधी एक चिन्ह लावायची पद्धत आहे: कीबोर्डवर सहाच्या डोक्यावर बसलेली ती टोपी. तिचा अर्थ, पहिला आकडा तोच ठेवून पुढचं नवं जे येईल ते आपोआप घ्या. विचारायची गरज नाही, आपली माणसं आहेत.

जानेवारी २०२२ मध्ये 'कलर्स' नावाच्या लायब्ररीची नवी आवृत्ती आली. काळ्या पडद्यावरची अक्षरं रंगीत करणं एवढंच तिचं काम, पण आठवड्याला कोट्यवधी वेळा उतरवली जाणारी. आकडा होता १.४.४४, पुढे शेपूट 'लिबर्टी-२'. पहिला आकडा तोच, म्हणजे निवांत झोपा. आत होतं न संपणारं चक्र, आणि पडद्यावर अगम्य अक्षरांचा पाऊस. मोठ्या कंपन्या आपलं काम फुकट वापरतात याचा राग कर्त्याने असा काढला होता. त्याच सुमारास त्याने आपली दुसरी लायब्ररी, 'फेकर', आतून रिकामी केली. तिला आकडा दिला ६.६.६, बायबलातल्या सैतानाच्या पशूचा. म्हणजे एका ठिकाणी आकडा खोटं बोलला आणि दुसऱ्या ठिकाणी अगदी खरं. दोन्हीकडचा माल खराबच निघाला.

टोपी घालणे या वाक्प्रचाराचा तांत्रिक अर्थ मला त्या दिवशी कळला.

०

आता शून्याकडे. घटनेत लिहिलंय की पहिला आकडा शून्य असेल तर कधीही काहीही बदलू शकतं. म्हणजे शून्य हा जामीन आहे. पडलं, झडलं, मोडलं तर 'अहो, अजून शून्यातच आहे' म्हणायची सोय.

काहींचं शून्य खरंच विनयाचं असतं. लिनक्सवर विंडोजचे प्रोग्राम चालवणारा 'वाइन' १९९३ साली सुरू झाला आणि १.० म्हणवून घ्यायला त्याने २००८ चा जून उजाडू दिला. पंधरा वर्षं. वाइन जुनी झाली की चढते म्हणतात, इथे आधी पुरती मुरवली. चित्रं काढायचं 'इंकस्केप' २००३ मध्ये सुरू झालं आणि २०२० च्या मे महिन्यात १.० झालं. तोवर त्यावर चित्रकला शिकलेली पोरं कमावती झाली असतील. उलट केडीई या डेस्कटॉपवाल्यांनी २००८ च्या जानेवारीत ४.० दिमाखात बाहेर काढलं. वापरणारे धावत आले तर आत रंगकाम चालू. मग लोकांना समजवावं लागलं की ४.० म्हणजे पूर्ण चार नव्हे, चारची सुरुवात. फ्लॅटचा ताबा घेतलेल्या माणसाला हे वाक्य ऐकल्यासारखं वाटेल.

आणि काहींचं शून्य निव्वळ भित्रेपणाचं. फेसबुकने बाहेर काढलेलं रिअॅक्ट ०.१४ वर होतं तेव्हाच ते निम्म्या जगाच्या पडद्यांवर चालत होतं. अखेर २०१६ च्या एप्रिलमध्ये त्यांना लाज वाटली. त्यांनी पुढचा आकडा घेतला १५. म्हणजे शून्य आणि टिंब पुसून टाकलं, बाकी तेच. रात्री सातवीत झोपलेलं पोर सकाळी सत्तराव्या वर्षी उठलं.

मी भाच्याला विचारलं, "तुझं शून्य कुठलं? विनयाचं की भीतीचं?"

तो म्हणाला, "मामा, रेंज जातेय."

०

आकड्यांची स्पर्धा ही तर अस्सल गल्लीतली गोष्ट. शेजारच्या मंडळाची मूर्ती अठरा फुटी, मग आपली एकवीस.

१९९९ मध्ये लिनक्सच्या विश्वात रेड हॅट सहावर होतं आणि स्लॅकवेअर चारवर. स्लॅकवेअरचा कर्ता पॅट्रिक वोल्करडिंग याला लोक विचारत, तुम्ही मागे का? मागे काहीच नव्हतं, फक्त आकडा होता. त्याने ४.० नंतर सरळ ७.० काढलं. प्रश्न बंद.

ब्राउझरांनी तर कहर केला. फायरफॉक्सचं १.० आलं नोव्हेंबर २००४ मध्ये, ४ आलं मार्च २०११ मध्ये. सहा वर्षांहून जास्त. तोवर अडीच वर्षांचं क्रोम दहावर पोचलं होतं. फायरफॉक्सनेही मग दर काही आठवड्यांनी गाडी सोडायला सुरुवात केली. मार्चमध्ये ४, आणि त्याच डिसेंबरात ९. नव्याचे नऊ दिवस हे आपल्याला ठाऊक होतं. इथे नवव्याला नऊ महिने लागले.

गाडी वेळेवर सुटते, जे तयार असेल ते चढतं, उरलेलं पुढच्या गाडीला. पद्धत म्हणून उत्तम आहे, लोकलने येणाऱ्याला पटावी अशी. पण मग आकड्याला अर्थ काय उरला? ८:४२ च्या फास्टला जेवढा असतो तेवढा.

या धावपळीचं बिल भलत्यालाच आलं. २००९ मध्ये ऑपेरा हा ब्राउझर दहावर गेला. कित्येक संकेतस्थळं आकड्याचं पहिलंच अक्षर वाचत, त्यांना दिसलं १. 'तुमचा ब्राउझर फार जुना आहे' असं ती नव्याकोऱ्या ऑपेराला सांगू लागली. अखेर ऑपेराने दारावर ओळख सांगताना ९.८० सांगायचं ठरवलं आणि खरं वय मागे बारीक अक्षरांत लिहिलं. तेरा वर्षांनी, २०२२ मध्ये, क्रोम आणि फायरफॉक्स शंभरीला आले तेव्हा हीच धाकधूक: दोनच अंकी वाचणारे काय करतील? महिनोन्‌महिने आधी तालीम झाली. क्रोमने तर पळवाटही तयार ठेवली होती: गडबड झालीच तर पहिला आकडा ९९ वरच थांबवायचा आणि खरा पुढच्या खणात सरकवायचा. गडबड फारशी झाली नाही. पण जगातली सगळ्यात बलाढ्य सॉफ्टवेअरं शंभरीच्या उंबऱ्यावर वय चोरायला बसली होती, हे दृश्य मला फार आवडलं. बाटाच्या दुकानात ९९ रुपये ९५ पैशांची पाटी बघत वाढलेल्या माणसाला ते ओळखीचंही वाटलं.

०

९९ वरून लिनक्स आठवलं. लिनस टोरवाल्ड्सने १९९१ मध्ये ०.०१ ने सुरुवात केली. १९९२ च्या सुरुवातीला ०.१२ वर असताना त्याला वाटलं, आता जवळपास झालंच. त्याने एकदम उडी मारली ती ०.९५ वर. घोडामैदान पाच पावलांवर. मग ०.९९ आलं आणि गाडी तिथे जी रुतली ती पंधरा महिने. ०.९९ च्याच पंधराव्या दुरुस्तीपर्यंत मजल गेली, पण एक पूर्ण म्हणवेना. १.० अखेर मार्च १९९४ मध्ये.

त्या धसक्याने असेल, पुढे माणूस बदलला. २.६ ही मालिका २००३ पासून २०११ पर्यंत चालली, २.६.३९ पर्यंत. मग त्याने जाहीर केलं, पुढचं ३.०. यात खास नवीन काय? काही नाही. आकडे फार मोठे झाले आणि लिनक्सला वीस वर्षं झाली, एवढंच. ३.१९ नंतर ४.०. ४.२० नंतर ५.०. कारण? हातापायाची बोटं संपली, म्हणे. ५.१९ नंतर ६.०, कारण पुन्हा तेच.

माझी आजी 'तीन विसा नि पाच' असं मोजायची. वीस झाले की एक खडा बाजूला. जगातले बहुतेक सर्व्हर ज्या कर्नलवर चालतात, त्याचे आकडे ठरवायची पद्धत आमच्या आजीच्या पद्धतीपेक्षा पुढे गेलेली नाही, आणि त्याचं काहीही अडलेलं नाही.

यातही वय चोरण्याचा प्रकार आहेच. ३.० आल्यावर जुने प्रोग्राम अडले; त्यांना आकडा २.६ नेच सुरू होतो अशी सवय होती. म्हणून कर्नलमध्ये एक सोय ठेवली गेली: असा जुना प्रोग्राम विचारायला आला तर ३.० ने स्वतःला २.६.४० सांगायचं. घरात नवी सून आली, पण आजोबांना सांगितलंय की जुनीच मोलकरीण आहे. आजोबा जेवतात, प्रश्न मिटतो.

०

काही आकडे जन्मालाच येत नाहीत, पण त्यांची भुतं राहतात.

पीएचपी या भाषेचं सहावं व्हर्जन वर्षानुवर्षं येणार येणार म्हणून गाजलं. त्यावरची पुस्तकं दुकानात आली. भाषा आलीच नाही. अखेर २०१५ मध्ये ५.६ नंतर थेट ७.० काढलं. सहावर पुस्तक विकत घेतलेल्यांना लग्न मोडल्यावर आहेर परत मिळत नसतो, हे कळलं.

लिनक्सचाच एक अवतार असलेल्या डेबियनचं १.० कधी निघालंच नाही. एका सीडी विकणाऱ्या कंपनीने घाई करून अर्धकच्चा माल १.० म्हणून विकला. खऱ्या डेबियनने तो आकडाच टाकला आणि १९९६ मध्ये १.१ काढलं. मंडपात तोतया बसून गेला, म्हणून नवरदेवाने जागा बदलून घेतली.

पर्ल या भाषेच्या सहाव्या आवृत्तीची घोषणा २००० सालची, पहिलं पक्कं रूप २०१५ च्या नाताळात. पंधरा वर्षं सहा येणार म्हणून पाचकडे लोक निघालेल्या पाहुण्यासारखं बघत राहिले. पाच गेलं नाही. सहानेच २०१९ मध्ये नाव बदललं, आता ते 'राकू'.

०

या सगळ्यात एक नियम मात्र लोखंडी आहे. आकडा पुढेच जातो. मागे येण्याची सोय नाही.

मार्च २०२४ मध्ये अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला आपल्या यंत्रावर लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागतोय असं वाटलं. तो खोदत गेला, तर एक्सझेड या फायली दाबून लहान करणाऱ्या अवजाराच्या ५.६.० आणि ५.६.१ मध्ये कोणीतरी चोरदरवाजा बसवलेला. डेबियनला तातडीने जुन्या, स्वच्छ ५.४.५ वर परतायचं होतं. पण ज्यांच्याकडे ५.६.१ पोचलंय, त्यांची यंत्रं त्याहून लहान आकडा हातात धरणार नाहीत. मग डेबियनने आकडा दिला तो असा: ५.६.१ अधिक 'रिअली' ५.४.५.

म्हणजे, म्हणायला ५.६.१ च्या पुढचं, खरंतर ५.४.५.

सॉफ्टवेअरच्या इतिहासात इतका प्रामाणिक आकडा मी पाहिला नाही. लग्नाच्या बायोडेटावर ही पद्धत आली तर किती घरं वाचतील. वय ३१, खरंतर ३६. पगार सहा आकडी, खरंतर कापून पाच.

०

या गर्दीत एकच माणूस आकड्याच्या मोहातून सुटला. डोनाल्ड क्नूथ. गणिताची पुस्तकं सुबक छापता यावीत म्हणून त्याने टेक ही अक्षरजुळणीची प्रणाली लिहिली. व्हर्जन ३ नंतर त्याने ठरवलं, आता नवीन काही नाही, फक्त चुका दुरुस्त करायच्या. आणि दर दुरुस्तीला आकडा 'पाय'च्या एक घर जवळ न्यायचा. ३.१, ३.१४, ३.१४१. २०१४ मध्ये ३.१४१५९२६५ होतं, २०२१ मध्ये त्याला पुढचा ३ लागला. पुढची तपासणी त्याने २०२९ साठी ठेवली आहे. तेव्हा तो एक्क्याण्णव वर्षांचा असेल. चूक दाखवणाऱ्याला तो २००८ पर्यंत ३२७ डॉलर ६८ सेंटचा चेक देत असे. आणि सांगून ठेवलंय की आपण गेल्यावर आकडा नेमका 'पाय' करा. त्यानंतर ज्या चुका उरतील त्या चुका म्हणू नका, वैशिष्ट्यं म्हणा.

वारकरी पंढरीच्या दिशेने एकेक पाऊल टाकतो तसं हे चाललंय. फरक इतकाच की याच्या पंढरीला शेवटचं घरच नाही.

०

बुधवारी रात्री भाच्याने धीर केला. ०.१० नाही. सरळ १.०.०. आता शब्द दिला, म्हणाला. आमच्या बहिणीने साखर वाटली.

पाऊण तासाने पुन्हा फोन. आवाज पडलेला.

"मामा, शंभर चुकलं."

"म्हणजे?"

"१०० दिलं की 'एकशे रुपये फक्त' येतंय. 'शंभर' यायला हवं. ०.९ मध्ये बरोबर होतं. बाकी सगळे बरोबर. पहिल्याच माणसाने नेमके शंभरच टाकून बघितले."

मी त्याला कर्लची गोष्ट सांगितली. इंटरनेटवरून फायली आणणारं हे अवजार पंचवीस वर्षांचं झालं, त्या दिवशी, २० मार्च २०२३ ला, वाढदिवस म्हणून ८.०.० निघालं. वर्षानुवर्षं सातवर राहिल्यावर आठ. ते कोसळलं. त्याच दिवशी ८.०.१ काढावं लागलं. केक कापायची सुरी पुसायच्या आत.

"मग मीही १.०.१ काढतो," तो म्हणाला. "पण पहिल्याच दिवशी बरं दिसेल का?"

मी काही बोललो नाही. फोन ठेवला आणि त्याला पैसे पाठवले. आपल्याकडे आहेर शंभराचा कोणी देत नाही. शून्यावर संपणारी रक्कम पाकिटात घालत नाहीत, वर एक रुपया ठेवतात. संबंध इथे संपत नाही, पुढे चालू राहणार, एवढंच तो रुपया सांगतो.

पाच मिनिटांत त्याचा मेसेज आला. त्याने तो आकडा आपल्या लायब्ररीतून, १.०.१ मधून, काढून पाठवला होता:

'एकशे एक रुपये फक्त.'